पृथ्वीचं फिटिंग

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं कोट-पँट शिवले. त्यातल्या शेवटच्या सहा वर्षांत त्यांचं ठाम मत झालं होतं की पृथ्वी पूर्वी लहान होती. ती फुगत गेली आणि अंगावरचा सदरा फाटावा तशी तिच्यावरची जमीन फाटली. त्या फटींत पाणी साचलं, त्यालाच आपण समुद्र म्हणतो. हे मत ते कोणालाही ऐकवत. माप द्यायला आलेला माणूस हात वर करून उभा असतो, त्याला पळून जाता येत नाही, याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. खिडकीशी दोन मशिनी, मधे कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात वाफेची इस्त्री. माझा नवरा बस चालवतो, तो सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी सहज म्हणून काज-बटणं करायला बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, शेजारी बसले, ती अजून तिथेच आहे. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

सुरुवात माझ्या मुलीपासून झाली. तिला शाळेत पृथ्वीचा गोल करून न्यायचा होता. बाबा म्हणाले, "विकतचा कशाला? आपण शिवू." वाचनालयात फुटबॉलएवढा पृथ्वीचा गोल होता. त्यावर पातळ कागद चिकटवून त्यांनी एकेक खंड उतरवून घेतला आणि जुन्या लोकरी कोटाच्या कापडातून सगळी जमीन बेतून ठेवली. आता तेवढाच मोठा चेंडू हवा होता. तो आणायला सासूबाई गेल्या आणि जेमतेम सोललेल्या नारळाएवढा चेंडू घेऊन आल्या.

"अगं, मी फुटबॉलएवढा सांगितला होता!"

"हाच पिशवीत मावत होता," आई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

बाबांनी चेंडू टेबलावर ठेवला. मग म्हणाले, बघू तरी. आफ्रिका लावली. शेजारी दक्षिण अमेरिका लावली. कडेला कड मिळाली. वाफ देऊन, दाबून, एकेक तुकडा बसवत गेले, आणि शेवटचा तुकडा टाचला तेव्हा चेंडूवर बोटभरही रिकामी जागा उरली नव्हती. जन्मभर तुकडे जोडणारा माणूस तो. त्यांनी सुई खाली ठेवली आणि मला म्हणाले, "सूनबाई, हे एकाच ताग्यातलं कापड आहे."

मुलीनं तोच चेंडू शाळेत नेला. बाईंनी विचारलं, "समुद्र कुठाय?" ती म्हणाली, "अजून यायचाय." बाईंनी दहापैकी चार मार्क दिले. बाबांना त्या चाराचाही राग आला नाही, ते दुसऱ्याच जगात होते.

मग सहा वर्षं आमच्या दुकानात पृथ्व्या लटकत होत्या. लहान, मोठ्या, अस्तराच्या, मखमलीच्या. समोरचा घड्याळवाला बाबांना 'पृथ्वीटेलर' म्हणायला लागला आणि ते नाव साऱ्या गल्लीनं उचललं. बाबांना ते मनापासून आवडलं. पाटीवर लिहून घ्यायचा त्यांचा विचार होता, आईंनी हाणून पाडला. "लोक गोल कपडे शिवायला टाकतील," त्या म्हणाल्या.

असं छान चाललं होतं. मग एक दिवस एक बाई जाड कापडाचं जॅकेट घेऊन आल्या. चारही खिसे खालून फाटलेले. दुरुस्त केलेले परत फाटलेले.

बाबांनी खिशात हात घालून बोटं खालून बाहेर काढली. "काय हो, खिशात दगड घालता की काय?"

"हो," बाई म्हणाल्या.

त्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. डोंगरांत फिरून दगड गोळा करायचे, फोडायचे, विद्यार्थ्यांना दाखवायचे, हे त्यांचं काम. हे कळल्यावर बाबांचा चेहरा असा उजळला की मी पटकन बाईंना स्टूल दिलं. आता बाईंची तासाभराची निश्चिंती होती.

बाबांनी सगळं सांगितलं. लोकरीचा चेंडू खाली काढून त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, ही शिकलेली बाई आता हसणार आणि बाबांचं तोंड उतरणार. पण त्यांनी चेंडू फिरवून फिरवून बघितला. शिवणीवरून बोट फिरवलं.

"काम सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "हा विचार तुमच्याआधीही काही लोकांनी केलाय, बरं का. पण मला एक सांगा, पृथ्वी फुगली तर आत एवढा माल आला कुठून?"

"ते मला माहीत नाही," बाबा सरळ म्हणाले. "मी कापडाचं बोलतोय. भरणाचं मी काही सांगितलेलं नाही."

"बरं. मग कापडाचंच बोलू. समुद्राच्या तळाशी मधोमध नवीन जमीन तयार होते, हे खरंय. पण दुसऱ्या टोकाला जुनी जमीन खाली शिरते. जेवढी येते तेवढी जाते. म्हणून मापात फरक पडत नाही."

"खाली शिरते? दिसते का शिरताना?"

"दिसत नाही. भूकंप कुठे, किती खोल होतात त्यावरून कळतं."

"म्हणजे तुम्हीही न बघताच बोलता," बाबा खूश होऊन म्हणाले.

बाई मोठ्यानं हसल्या. जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी कॉलेजात या. माझ्या मुलांना हे सगळं सांगा. मात्र चेंडू पक्क्या कापडाचा आणा, पोरं फार हाताळतात. लोकरीची वाट लागेल."

बाबांनी खिशांना आतून दुहेरी कॅनव्हास लावून दिला आणि त्याच कॅनव्हासच्या उरलेल्या तुकड्यांची पृथ्वी करायला घेतली. यावेळी त्यांना गंमत दाखवायची होती. लहान चेंडूवर नीट बसणारे खंड करायचे, मग तेच उचलून मोठ्या चेंडूवर ठेवायचे. म्हणजे पोरांना फुगलेली पृथ्वी डोळ्यांनी दिसली असती.

लहान चेंडूवर सगळं बसलं. सोमवारी दुपारी त्यांनी आफ्रिका उचलून मोठ्या चेंडूवर ठेवली.

ती बसेना. मधे टोपीसारखी वर उभी राहिली. मधे दाबली तर कडा ताणल्या आणि शिवण उसवायला लागली. कडेला चार ठिकाणी कात्री मारली तेव्हा कुठे ती खाली टेकली, आणि चारही ठिकाणी पाचरीसारखी फट पडली. आशियाची तर दशा बघवेना.

"बाबा, इस्त्री मारू का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांचा खिसा कापलाय.

"इस्त्री," ते म्हणाले. "सूनबाई, त्या लोकरीला मी वाफ दिली होती."

लोकरीला वाफ दिली की ती ऐकते. आवळायची तिथे आवळते, सैल व्हायची तिथे सैल होते. कोटाच्या खांद्याला आकार असाच येतो. सहा वर्षांपूर्वी बाबांच्या हातानं सवयीनं तेच केलं होतं आणि तुकडे आपोआप जुळले असं त्यांना वाटलं होतं. कॅनव्हास काही ऐकत नाही.

ते कॅनव्हासची आफ्रिका उलटसुलट करून बघत राहिले. आईंनी चहा आणून ठेवला, तो थंड झाला. मग एकदम उठले, वाचनालयातून नकाशांचं पुस्तक घेऊन आले आणि डोंगर शोधायला लागले. मला समजावून सांगितलं, "हे बघ, लहान गोलाचं कापड मोठ्या गोलावर घातलं तर झोल मधे यायला हवा. म्हणजे डोंगर खंडांच्या मधोमध पाहिजेत आणि कडा फाटलेल्या पाहिजेत. आता इथं बघ." त्यांनी दक्षिण अमेरिकेवर बोट ठेवलं. सगळा डोंगर एका कडेला, कॉलर लावल्यासारखा.

"मग गुरुवारचं काय?" मी म्हटलं. "तब्येत बरी नाही म्हणून कळवू?"

"का? तब्येतीला काय झालंय?"

आईंनी दारातून सांगितलं, "जाऊ दे त्यांना. कोटाला इस्त्री करून ठेवलीय मी."

गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले. चेंडूंची पोती कोणीतरी धरायला हवी होती. वर्गात तीसेक मुलंमुली होती. बाबा स्वतः शिवलेल्या राखाडी कोटात उभे राहिले आणि कापडाचे बारकावे सांगावेत तसं सगळं सांगितलं. आधी लोकरीची पृथ्वी दाखवली. पोरं चकित झाली, एकानं तर टाळ्या वाजवल्या. मग कॅनव्हासची दाखवली, ती बसत नाही ते दाखवलं आणि वाफेची चूक कबूल केली. म्हणाले, "गिऱ्हाइकाला आरसा दाखवायच्या आधी शिंप्यानं स्वतः झोल बघायचा असतो. मी सहा वर्षं उशीर केला."

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "पण काका, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका तर खरंच जुळतात ना? ते कसं?"

बाबांनी बाईंकडे बघितलं. बाई पुढे आल्या. त्यांनी मोठा चेंडू घेतला आणि सगळे खंड त्याच्या एकाच बाजूला खेटून ठेवले. उरलेला अर्धा चेंडू उघडा. "पृथ्वी एवढीच होती. जमीन सगळी एकीकडे होती, मग फाकली."

"छे!" बाबा न राहवून म्हणाले. "एका बाजूला सगळं कापड आणि पाठ उघडी? असं कोण शिवतं?"

"एप्रन," बाई म्हणाल्या.

वर्ग हसून हसून आडवा झाला. सगळ्यांत जास्त बाबाच हसले, डोळे पुसायला त्यांना रुमाल लागला. घरी येईपर्यंत ते मधेच "एप्रन!" म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. बसमधली माणसं वळून बघत होती.

पण खरं सांगते, मत काही गेलं नव्हतं. सहा वर्षं वागवलेलं मत एका दिवसात थोडंच जातं? "जमीन खाली शिरते हे मला अजून पटलेलं नाही," असं ते घड्याळवाल्याला सांगत राहिले. बाईंनी कॉलेजसाठी त्यांना एक मोठा गोल शिवायला सांगितला, ज्यात जमिनीचे तुकडे सरकवता येतील. बाबांनी त्यात जिथे तळ उघडतो तिथे चेन लावल्या आणि जिथे खाली शिरतो तिथे खिशासारख्या फटी ठेवल्या. काम झकास झालं. "पटत नाही, पण गिऱ्हाइकाच्या मापानं शिवलंय," असं म्हणून त्यांनी तो गोल दिला.

थंडी संपता संपता बाईंनी त्यांना मुलांबरोबर सहलीला बोलावलं. दोन तासांवर नव्या रस्त्यासाठी डोंगर सरळ उभा कापला होता. बाबांनी जन्मात दगडाकडे नीट बघितलं नव्हतं, जे काही होतं ते चेंडूवर. गाडीतून उतरले आणि त्या कापलेल्या भिंतीसमोर उभेच राहिले.

भिंतीत दगडाचे थर होते, काळे-पांढरे, एकावर एक. पण सरळ नव्हते. वर जायचे, खाली यायचे, पुन्हा वर जायचे. पडदा ओढून एका बाजूला गोळा करावा, तसे.

"या तर चुण्या आहेत," बाबा हळूच म्हणाले. त्यांनी हात लावून बघितला.

मुलांना एका पांढऱ्या थराची लांबी मोजायची होती, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत, वळणावळणानं. मुलं काठ्या लावून मोजत होती आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येत होतं. बाबांनी थोडा वेळ बघितलं, मग गळ्यातला टेप काढला. बाहीचा गोल मोजताना शिंपी टेप आडवा ठेवत नाही, कडेवर उभा धरतो, म्हणजे तो वळणाबरोबर वळतो. तसा त्यांनी तो दगडावर उभा धरला आणि अंगठ्यानं दाबत दाबत पुढे सरकले. मुलं मागे गोळा झाली.

"अठ्ठ्याण्णव इंच," त्यांनी सांगितलं. मग खुणेपासून खुणेपर्यंत सरळ मोजलं. "एकसष्ट. अठ्ठ्याण्णव इंचांचं कापड एकसष्ट इंचांत कोंबलंय."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मुलांनी पुन्हा मोजलं, टेप उभा धरून. यावेळी सगळ्यांचं उत्तर आसपास आलं.

बाबा मात्र भिंतीकडेच बघत होते. "बाई," ते म्हणाले, "अंग वाढत असेल तर कापड ताणतं, फाटतं. त्याला चुण्या पडत नाहीत. दोन्ही बाजूंनी कोणी ढकललं तरच चुण्या पडतात."

"हो," बाई म्हणाल्या. त्याहून जास्त काही बोलल्या नाहीत, आणि ते मला फार आवडलं.

परतीच्या वाटेवर मुलांनी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. मला वाटलं होतं, वाईट वाटलं असेल. पण ते खिडकीतून जाणाऱ्या प्रत्येक टेकडीकडे बोट दाखवत ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगत होते. त्या मुलांच्या अहवालात, मोजमाप कोणी केलं या रकान्यात, बाबांचा धंदा लिहिलाय: शिंपी. त्याची प्रत बाईंनी आणून दिली. आता दर वर्षी सहलीला बाबांची जागा ठरलेली असते, आणि मुलं आपापले टेप आणतात.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा आई फरशी पुसत होत्या. बाबांनी बूट बाहेरच काढले आणि उंबऱ्यात उभं राहून जाहीर केलं, "ऐकलं का, पृथ्वी वाढत नाही."

"बरं झालं," आई म्हणाल्या. "आहे तेवढीच पुसून माझी कंबर मोडते. आत या, पण कडेकडेनं."