पालमचा कोरस

परवा एका लग्नाच्या मांडवामागे कुणीतरी जाळावर डफ शेकत होतं आणि त्या तापल्या चामड्याच्या वासानं मला थेट पालमला नेलं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, मी तिथं नवी शिक्षिका होते. शाळेच्या पटांगणात गाण्याच्या पार्टीचा कार्यक्रम होता. दिवस मावळायला आला, आभाळ केशरी झालं, तरी मुख्य गायकाची एसटी आली नव्हती. त्याची बायको धसकटांच्या जाळावर डफ शेकत बसली होती. इतकी वर्षं ती त्याच्या मागं फक्त कोरस म्हणायची. लोक उठायला लागले तेव्हा मी तिला म्हटलं, "तुम्हीच सुरू करा ना." "गाणी सगळी पाठ हायेत बाई, पण पुढं उभं राहून कदी म्हणलं न्हाई," ती म्हणाली आणि मग हळूच, "तुमी समोर बसा. तुमच्याकडं बघून म्हणते." मी मातीत बसले. पहिली ओळ कापरी आली, दुसरी सरळ, आणि तिसरीला तिची नजर माझ्यावरून उठून साऱ्या पटांगणावर गेली. धूर, धूळ आणि तो आवाज एकमेकांत मिसळून तरंगत राहिले. निघालेली माणसं उभ्याउभ्याच डोलायला लागली. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा तिचा नवरा पिशवी घेऊन धावत आला. ती थांबणार, इतक्यात त्यानं हातानंच 'चालू दे' म्हणून खुणावलं, माझ्या शेजारी मातीत बसला आणि कोरस धरला. गाण्याचे शब्द आता मला आठवत नाहीत. तिच्या आवाजाच्या वर जाऊ नये म्हणून त्यानं जपून खाली ठेवलेला स्वर मात्र अजून ऐकू येतो.