दादासाठीचं वेगळं पातेलं

अकोल्याच्या स्टेशनावर मला घ्यायला दादा आला नव्हता. त्याचे मित्र नामदेवभाऊ आले होते. सांगलीहून निघतानाच दादा फोनवर म्हणाला होता, "अमरावतीचं तिकीट काढू नकोस, अकोल्यालाच उतर. नामदेवला तिथं काम आहे." अमरावतीला जाणाऱ्या बाईला आधीच का उतरवायचं, हे मला कळेना.

मी सांगलीत खानावळ चालवते. माझा थोरला भाऊ अमरावतीत नोकरी करून तिथेच निवृत्त झाला. भावजय गेल्यावर मोर्शी रस्त्यावर, नामदेवभाऊंच्या मळ्यातल्या घरी राहू लागला. खाण्याचा भलताच शौकीन माणूस. पण अलीकडे "काय जेवलास?" विचारलं की पावसापाण्याचं बोलायचा. म्हणून मी न राहवून निघाले होते.

नामदेवभाऊंनी मला आलूबोंडा खाऊ घातला, लाल तर्रीत बुडवलेला, वर भरपूर सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). मग एका मेडिकलमधून त्यांनी पुडकं घेतलं आणि पिशवीत खाली सारलं.

"कुणाचं औषध?"

"फवारणीचं हाय, ताई."

फवारणीचं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही, हे आमच्या सांगलीतही सगळ्यांना ठाऊक आहे. मी पिशवीवर नजर ठेवली.

मूर्तिजापूरच्या पुढे एस.टी.चं चाक बसलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, पिवळ्या फुलांची तूर. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून विचारलं, "दादा बरा आहे ना?"

"हाय ना. चांगला हाय," म्हणत ते खर्रा (तंबाखू-सुपारीची घोटलेली पुडी) घेऊन पार ड्रायव्हरपाशी जाऊन उभे राहिले. चाक बदलेपर्यंत परत आले नाहीत.

मळ्यात पोचलो तेव्हा संत्र्याच्या झाडांखाली दादा उभा होता. सदरा खुंटीला टांगावा तसा त्याच्या अंगावर लोंबत होता. "वय झालं," तो हसून म्हणाला. नामदेवभाऊंच्या पत्नी सुशीलावहिनींनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे) फोडून त्यावर तूप सोडलं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. दादा पानावर बसलाच नाही. "माझं मघाशीच झालं," म्हणाला. रोडग्यांचा वास सुटलेला असताना हा माणूस आधी जेवून मोकळा होतो?

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ठाण मांडलं. मदत करायला म्हणून गेले, खरं तर पाहायला. वहिनींचा हात पाहण्यासारखाच होता. बोकडाचं निबर, हाडाचं मटण त्यांनी चुलीवरच्या गंजात (पातेल्यात) मंद आचेवर लावलं आणि पुन्हा पुन्हा ढवळायला गेल्या नाहीत. कलेजी तापल्या तव्यावर टाकली आणि रंग पालटताच उतरवली. थोडी जास्त राहिली असती तर चिवट झाली असती. भरताची वांगी निखाऱ्यात, मेथी मात्र उघड्या कढईत भराभर परतलेली. कशाला किती आच द्यायची, हे या बाईला कुणी सांगायला नको होतं.

पण कोपऱ्यातल्या गॅसवर एक छोटं पातेलं दुपारपासून रटरटत होतं. झाकण उचललं. आत कोंबडी होती, कोवळी, आणि शिजून शिजून तिचे धागे सुटले होते. ना तिखट, ना मसाला.

"कोवळ्या कोंबडीला इतका वेळ कशाला, वहिनी?"

"आमी असंच करतो," त्या म्हणाल्या आणि चुलीतली लाकडं उगाचच पुढेमागे सारू लागल्या.

नवख्या बाईनं केलं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. जिला कलेजी केव्हा उतरवायची ते कळतं, ती कोंबडीचा गाळ चुकून करत नाही. जेवताना दादा त्या पातेल्यातलं वाडग्यात घेऊन आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आम्ही तिघं मटण खात होतो. परक्या घरातला एकटा माणूस, त्याला असलं बेचव देऊन बाजूला बसवतात, असं माझ्या मनात आलं. इतकं उत्तम मटण, पण मला त्याची चव लागेना.

सकाळी वहिनी गोठ्यात गेल्यावर मी त्याच पातेल्यात पळी घातली. आज ते फडक्यातून गाळलेलं होतं. हाडाची कणी नाही, कातडीचा तुकडा नाही, वर ताजं तूप. जो नकोसा झालाय, त्याच्यासाठी एवढी मेहनत कुणी घेत नाही. हातातली पळी तशीच घेऊन मी दादाच्या खोलीत गेले.

"दादा, तुला गिळता येत नाही."

तो खिडकीकडे वळला. "घास छातीत अडकतो," म्हणाला. "अकोल्याचा डॉक्टर दुर्बीण घालून तपासू म्हणतो. नामदेव आणतो ती औषधं त्याचीच. मी नको म्हणतोय. आपले अण्णा असेच गेले, शालू. आजाराचं नाव कळलं की संपलं सगळं." अण्णा, आमचे वडील, अन्ननलिकेच्या कर्करोगानं गेले होते.

दारात वहिनी उभ्या होत्या. "मी यायले (यांना) म्हटलं होतं, सख्ख्या बहिणीपासून काहून लपवून राहिले? त्यायनं आमाले शपथ घातली, ताई. मले खोटं बोलणं जमत नाही."

माझ्या मनात आलेलं सगळं त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. मी फक्त त्यांचा हात धरला. मग दादाकडे वळून म्हणाले, "उद्या अकोल्याला जायचं." तो चिडला, रुसला, खोलीतून बाहेर येईना. नामदेवभाऊ एवढंच म्हणाले, "चाल गड्या. मी हाय सोबत." त्यावर तो उठला.

दुर्बिणीच्या खोलीबाहेर आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. दुर्बिणीतून काढलेला तुकडा तपासून आला तेव्हा कळलं, की ज्याची धास्ती होती ते नव्हतं. जुन्या आम्लपित्तानं अन्ननलिका आतून अरुंद झाली होती. डॉक्टरांनी ती रुंद केली, कदाचित पुन्हा करावी लागेल म्हणाले. घरी आल्यावर वहिनींनी मऊ वरणफळं केली. दादा हळूहळू, एकेक फळ चावून, आमच्या पंगतीला बसून जेवला. मी दोन दिवस आणखी राहिले, केवळ त्याला जेवताना पाहायला.

सांगलीला परतून खानावळ उघडली. माझा संशय खरा होता, फक्त माणसं चुकीची धरली होती, हे गाडीत मनाला पुरतं पटलं होतं. इतकी वर्षं मी मटण शिजलं की नाही ते पाहत आले. ते खाणाऱ्याला जातंय का, हे नाही. त्या दुपारी रोज येणारे एक मास्तर भाकरी रश्श्यात भिजवून बसले होते, मटणाच्या फोडी मात्र ताटाच्या कडेला तशाच. मी जवळ जाऊन हळूच विचारलं. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"कवळी मोडली आहे," ते म्हणाले. "तुम्ही वाईट वाटून घ्याल म्हणून बोललो नाही."

मी ताट उचललं आणि त्यांच्या फोडी पुन्हा मंद आचेवर ठेवल्या.