दोन कापडांमधलं बोट

"खालचं पयते, वरचं रुसते. दोघाइले संगं चालवाचं असन तं मधात बोट लागते."

नव्या माणसाला काकू हे पहिल्याच दिवशी ऐकवायच्या. अमरावतीच्या एमआयडीसीत आमचा फुलपँटी शिवायचा कारखाना. काकू पायाच्या बाजूची लांब शिलाई मारायच्या मशीनवर बसायच्या आणि मी त्यांच्या लाइनची सुपरवायझर. नांदगाव खंडेश्वरकडच्या भाजी पिकवणाऱ्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कोणी न विचारताही सांगते, तेव्हाही सांगायची.

पहिल्याच आठवड्यात मी काकूंना म्हणाले, हात जरा लवकर चालवा. त्यांनी मशीन थांबवलं. दोन सारख्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि हात न लावता शिलाई मारली. शेवटी वरची पट्टी अर्धं बोट उरली. मशीनचे दाते खालचं कापड ओढून नेतात आणि वरचं दाबाखाली मागे राहतं, एवढंच. मग तसल्याच पट्ट्या घेऊन त्यांनी डाव्या हाताचं एक बोट दोन थरांत घातलं, खालच्याला जरा अडवलं, वरच्याला जरा सोडलं. दोन्ही टोकं एका जागी येऊन थांबली.

"कापडाले बी.कॉम. नाई समजत, पोरी," त्या म्हणाल्या. लाइन हसली. मीही हसले, पण लागलं होतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलतात तुमच्याशी, लक्ष हातात असतं. चार वर्षांत काकूंनी शिवलेल्या पँटीचा पाय धुतल्यावर फिरला, अशी तक्रार एकदाही आली नाही.

मग एका उन्हाळ्यात त्या शिवलेली पँट उचलून गालाला लावायला लागल्या. शिलाईवरून गाल हळूच न्यायच्या. पोरींना विषयच मिळाला. काकू पँटीचा मुका घेऊन राह्यल्या म्हणून चिडवायच्या. काकूंचं उत्तर ठरलेलं, "तुह्या नवऱ्याची नाई ना, मंग तू काहून जयतं?"

मला कळायला दोन महिने लागले. एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी उकळत्या चहाचा स्टीलचा ग्लास बुडाशी धरून उचलला आणि तसाच धरून बोलत राहिल्या. मी बोटं पाहिली. लाल झाली होती. मी पाहते आहे, हे त्यांनी पाहिलं.

शुगर जुनी होती. बोटांच्या टोकांना आता काही समजत नव्हतं. दोन थरांत बोट जायचं ते सवयीनं. थर सरकला की नाही, ते गाल सांगायचा.

"शनिवारलोक थांब," त्या म्हणाल्या. "शनिवारी मीच सांगीन सायबाले. मशीनवरून मले कोणी उठवू नये, एवढंच."

मी हो म्हणाले.

गुरुवारी सुई त्यांच्या नखाला घासून गेली. त्यांना कळलं नाही, मशीन चालूच होतं. संध्याकाळी मी साहेबांना सांगितलं. सुई बोटातून गेली असती, हे कारण खरं होतं. लाइन माझी होती, विचारणा मला झाली असती, हेही खरं होतं. शुक्रवारी सकाळी बोर्डावर नवी यादी लागली, माझ्याच अक्षरात. काकूंचं नाव धागे कापायच्या टेबलावर होतं.

त्यांनी सगळ्यांच्या मधे उभं राहून यादी वाचली. टेबलाशी जाऊन बसल्या. धागा चिमटीत येत नव्हता, तरी दिवसभर कापत राहिल्या. शनिवारी आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत.

दिवाळीनंतर कळलं की त्या अकोल्याला लेकीकडे राहतात. एका रविवारी गेले. काकू पलंगावर नुसत्या बसल्या होत्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी सुईचं सांगितलं, नखाचं सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"तुहं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

मग म्हणाल्या, "एकच दिवस राह्यला होता, पोरी. सायबाले काय बोलाचं, ते पाठ करून ठेवलं होतं म्या."

काय पाठ केलं होतं, ते मी विचारलं नाही. लेकीनं पोहे आणले. मी खाल्ले आणि तीनच्या बसनं अमरावतीला परत आले.