फ्लॉपीत न मावलेली वाट
परवा कपाटात जुनी फ्लॉपी सापडली आणि हातकणंगल्याजवळच्या एका गावाचा नकाशा आठवला. कोल्हापुरात संगणकावर तो मीच काढला होता, पण छपाईसाठी त्याचं चित्र केलं तर ते फ्लॉपीत मावेना. म्हणून आकार घटवला, दर्जा उतरवला आणि जेपीजी करून मोकळा झालो. ग्रामसभेत छापील नकाशा भिंतीवर लागला. बौद्धवस्तीतले एक आजोबा त्यावर बराच वेळ बोट फिरवत राहिले. म्हणाले, "पावणं, आमची मसणवट्याची वाट कुठं हाय?" ती बारीक तुटक रेघ चित्रात विरून गेली होती. मी म्हणालो, "आजोबा, जागा कमी पडली." त्यांनी नकाशातल्या जाड रेघेवर बोट ठेवलं, "कारखान्याच्या रस्त्याला बरी घावली की जागा!" आजही नकाशाचं चित्र करताना फाइल केवढी झाली ते नंतर बघतो, आधी सगळ्यात बारीक वाट शोधतो.