चढणीवरचा काटा

अर्धांगाचा झटका आल्यानंतर आईचे हातपाय सावरले, पण वाचा अडकली. शब्द ओठांपर्यंत येत आणि तिथंच थांबत. बेळगावात बोलण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. दर शनिवारी आईला त्यांच्याकडे न्यायचं मी ठरवलं. आई जांबोटीपलीकडच्या आमच्या गावी, मी बेळगावाला लागून कंग्राळीत. बसचा भरवसा नाही, म्हणून माझी अठरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी.

ती नेमकी चढणीला दगा द्यायची. सपाट रस्त्यावर नीट पळायची, पण वीसेक मिनिटांनी चढ लागला की गचके खाऊन बंद. दोन शनिवार आम्ही मायलेकी रस्त्याकडेला बसून काढले.

आमच्या कंग्राळीतल्या मेकॅनिकमामांनी आधी पेट्रोलचा फिल्टर बदलला, मग टाकीतला पंप. तरी तेच.

"आक्का, विकून टाका आता."

"इंजिनपर्यंत पेट्रोल नीट जोरात येतंय का, मोजलंय तुम्ही?"

"मोजलंय की. दाबाचा काटा तीनवर हाय. बरोबर हाय."

"उभी असताना ती बंदच पडत न्हाय, मामा. पळताना मोजूया."

त्यांनी मान खाजवली, पण पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर गावी आले. आमच्या अंगणात त्यांनी पेट्रोलच्या नळीला प्रेशर गेज जोडला, लांब पाइपनं बॉनेटबाहेर काढला आणि समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवला. कुठं गळत नाही ना, हे तीनदा बघितलं. काटा वाचायला ते पुढं बसणार होते, पण आई आधीच तिथं बसली होती. तिनं चष्मा लावला.

"मी... वाच...ते."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "वाचू दे," मी म्हणाले. ते मागं बसले आणि आम्ही बेळगावकडे निघालो.

"ती...न," आई म्हणायची. मग पुन्हा, "ती...न." काटा मलाही दिसत होता. तिच्याआधी आकडा बोलून टाकावासा वाटे, पण मी दात आवळून गाडी चालवत राहिले. चढ लागला.

"अ...डीच."

"दो...न." आणि मग एकदम, "दीड! थांब गं!"

इंजिन बंद पडलं.

मामा खाली उतरले. मागची सीट उचलून त्यांनी पंपाच्या वायरींना मीटर लावला आणि मला गाडी चालू करायला सांगितलं. "बारा व्होल्ट पायजेत, नऊच येतंय. पंपाला करंटच पुरंना!" सीटखालचं मॅट ओलं होतं. आमच्याकडचा पाऊस कुठूनतरी आत झिरपला होता आणि पंपाची अर्थिंगची वायर बॉडीला जिथं जोडली होती, तिथं गंज चढला होता. तो जोड हाताला चटका देत होता. पळून पळून तो तापला की करंट अडायचा, आणि चढाला पेट्रोल जास्त लागतं तेव्हाच पंप कमी पडायचा.

"चुकलंच माझं," मामा म्हणाले. "पंप बदलायच्या आधी हे बघायला पायजे हुतं."

पत्रा चकाकेपर्यंत घासून त्यांनी तिथं नवी वायर जोडली. मी गाडी मागं नेऊन तोच चढ पुन्हा घेतला. काटा हलला नाही. "तीन," आई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तीन. वर पोचलो तेव्हा ती वैतागली होती. "तीनच... हाय की!"

त्या दिवशी आम्ही बेळगावात तासभर उशिरा पोचलो. बाईंनी निम्माच वेळ दिला. आईची वाचा अजून पुरती आलेली नाही, माझं नाव घ्यायला तिला वेळ लागतो. पण त्यानंतर आमचा एकही शनिवार चुकलेला नाही.