दोन मुलांच्या जागा

मीना भोये आमच्या जव्हारच्या शाळेत नऊ वर्षं गणित शिकवत होती. मी अनुदानित तुकडीवर कायम होते आणि ती विनाअनुदानित इंग्रजी तुकडीवर तासिकांवर. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. एप्रिल संपला की माझी उन्हाळी सुट्टी पगारी, तिची बिनपगारी. दर जूनला तिला नेमणुकीचा नवा आदेश निघायचा, कधी ऑगस्टही उजाडायचा. तोवर ती आदेशाशिवायच शिकवायची, कारण शिकवायचं थांबवलं तर जागा दुसऱ्याला जाईल ही भीती. गणित शिकवण्यात तिच्या तोडीचं आमच्यात कुणी नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि मीटिंगमध्ये कुणी बोलायचं नाही. मीही नाही.

ती मूळची वावरची. जन्म ब्याण्णवचा. त्या पावसाळ्यात तिच्या घरातलं मोठं मूल कुपोषणाने गेलं, ती तान्ही होती म्हणून अंगावरच्या दुधावर तगली, एवढंच ती एकदा बोलली होती. पुढे पहिलीत तिला आश्रमशाळेत ठेवून आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जात, ते थेट पावसाच्या तोंडाला परत. तिथून ती नाशिकला बी.एस्सी., बी.एड. झाली. इंग्रजी तिने स्वतःच्या बळावर कमावलं, मोबाइलवर बोलणं ऐकून ऐकून. नवरा भावेश जामसरचा, जव्हारमध्ये वायरिंगची कामं घ्यायचा. मुलगी सोनल सहा वर्षांची, मुलगा पंकज चारचा.

पंकज बोलायचा कमी. ‘पाणी’, ‘आई’, ‘नको’, आणि आजीच्या बोलीतले दोन-चार शब्द. समजायचं मात्र त्याला सगळं. भावेशने पकड दे म्हटलं तर पेटीतली पाच हत्यारं बाजूला सारून तो नेमकी पकड काढून द्यायचा. त्याची आजी, रुपी, म्हणायची की आमच्याकडची पोरं उशिराच बोलतात, भावेशही पाच वर्षांचा होईस्तोवर मुका होता.

परदेशातल्या शाळांचा विषय मीच काढला. माझी भाची मस्कतला शिकवते. तिने सांगितलं होतं की गणिताचे शिक्षक तिकडे मिळत नाहीत. मी मीनाला म्हटलं, इथे तासिका मोजत म्हातारी होशील, अर्ज कर. शिफारसपत्र मी लिहिलं. मुलाखती माझ्या घरून झाल्या, कारण आमच्याकडे वायफाय होतं. माझ्या हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटापुढे खुर्ची टाकून ती बसायची आणि मी गल्लीतल्या पोरांना गप्प करत बाहेर उभी राहायची.

दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. कुवेतच्या शाळेचा पगार दुप्पट, पण पहिली दोन वर्षं एकटीने राहायचं. दारेसलामच्या शाळेचा पगार बेताचा, पण दोन खोल्यांचं घर, नवऱ्याला व्हिसा आणि त्याच शाळेत दोन मुलांच्या जागा, फी माफ. भावेशचं मत कुवेतला होतं. दोन वर्षं कशीही निघतील, मुलं आईकडे जामसरला राहतील, परत आल्यावर घर बांधू. माझंही मत तेच होतं.

मीनाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, सहा वर्षांच्या पोरीला आई कधी येणार ते कळत नाही. ती खिडकीत बसून वाट बघत नाही, ती विसरायला लागते. मी विसरले होते. आई परत आली की मी तिच्याजवळ जायची नाही. मला माझ्या पोरांना तसं करायचं नाही.”

दारेसलाम ठरलं.

करार अकरा पानी होता. आम्ही दोघींनी तो माझ्या डायनिंग टेबलावर ओळ न ओळ वाचला. सातव्या पानावर मुलांच्या जागांचं कलम होतं आणि त्याच्या शेवटी एक वाक्य, की प्रवेश शाळेच्या असेसमेंटच्या अधीन राहील. मीनाने त्यावर बोट ठेवून विचारलं. मी सांगितलं, ही औपचारिकता असते, शिक्षकांच्या मुलांना कोण नाही म्हणतं. ती पुढच्या पानावर गेली. मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता असं मी आजही म्हणू शकत नाही. कळला होता. मला फक्त पान उलटायचं होतं.

जुलैच्या शेवटी ते चौघं गेले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांची चाचणी झाली. सोनल पास झाली. पंकजला एका परक्या बाईंबरोबर चाळीस मिनिटं खोलीत बसवलं. चित्रं दाखवून इंग्रजीत विचारलं. तो गप्प राहिला, मग टेबलाखाली जाऊन बसला. आई त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर सातवीला अपूर्णांक शिकवत होती. तिला खाली येऊ दिलं नाही, पालकांनी चाचणीच्या वेळी थांबायचं नाही असा नियम होता. संध्याकाळी ईमेल आला. मूल मुख्य प्रवाहाच्या वर्गासाठी तयार नाही, वर्षाने पुन्हा पाहू.

मीना मुख्याध्यापिकेकडे गेली. मुख्याध्यापिका म्हणाली की दोन जागा दिल्याच होत्या, मुलगा चाचणीत उतरला नाही याला शाळा काय करणार. ती वाईट बाई नव्हती, असं मीना सांगते. तिने चहा दिला, आपल्या बहिणीचा मुलगाही उशिरा बोलला म्हणून धीर दिला. मग सातवं पान काढून दाखवलं. मीनाने विनवणी केली की वर्गात नुसतं मागे बसू द्या, मराठीत विचारा, सगळं दाखवेल. मुख्याध्यापिका म्हणाली, मराठीत कोण विचारणार.

मग वर्षभर असं चाललं, की सकाळी सातला मीना आणि सोनल शाळेच्या बसने जायच्या आणि भावेश व पंकज तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायचे. भावेशच्या व्हिसावर काम करायला मनाई होती. जिन्यातल्या मीटरबोर्डमधून ठिणग्या उडायच्या, ते दिसत असूनही भावेशला हात लावता येत नव्हता. वीस वर्षं कमावणारा माणूस बायकोच्या घरी बसला. फोनवर तो मला म्हणाला, “मॅडम, मी पोर सांभाळतो याची लाज नाही. पण पोराला दुसरं पोर दिसत नाही इथे. तो माझ्याशीही बोलायचा थांबलाय.”

मीना रोज सव्वीस परक्या मुलांना शिकवून घरी यायची आणि पंकजला मांडीवर घेऊन इंग्रजी चित्रं दाखवायची. ॲपल, बॉल, कॅट. तो मान फिरवायचा. एकदा तिने त्याची हनुवटी धरून जबरदस्तीने पानाकडे वळवली. तो रडला नाही, तिच्या मांडीवरून उतरून बापाच्या मागे जाऊन उभा राहिला. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका सपाट होता की मी विषय बदलला.

जूनमध्ये दुसरी चाचणी झाली. निकाल तोच, फक्त ईमेल आधीच्यापेक्षा छोटा.

मीनाने परत यायचं ठरवलं. तिने मला फोन करून तिच्या तासिकांबद्दल विचारायला सांगितलं. मी संस्थेच्या कार्यालयात गेले. तिच्या तासिका नाशिकच्या एका मुलाला दिल्या होत्या, आणि त्यालाही अजून आदेश नव्हता. मी तिला तसं कळवलं. दुसऱ्या बाजूला सोनल तिच्या वर्गात पहिली आली होती, तिला तिथे गायला, पोहायला, प्रयोग करायला मिळत होतं. जव्हारला परत जायचं म्हटल्यावर तिने दोन दिवस जेवण टाकलं. नोकरी सोडली तर सोनलची जागा जाणार आणि चौघं जामसरला बसणार. नोकरी धरली तर पंकज कोंडलेलाच.

शेवटी भावेशने निर्णय घेतला. तो म्हणाला, मी याला घेऊन जातो, तू पोरीला घेऊन राहा. मीनाने भांडण केलं नाही. विमानतळावर पंकज बापाचा हात धरून सुरक्षा तपासणीच्या आत गेला आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही. मुलं नाहीच बघत, तिने मला समजावून सांगितलं, जणू मीच विचारलं होतं.

त्या दिवाळीत जामसरला खळ्यावर भात झोडत होते. दाण्यांवर कोंबड्या आल्या आणि पंकजने काठी घेऊन त्यांना पूर्ण वाक्यात शिव्या दिल्या, आजीच्या बोलीत. रुपीने झोडणी थांबवून सगळ्या पाड्याला बोलावलं. रेंज नव्हती. भावेश मोटारसायकल काढून टेकडीवर गेला आणि तिथून त्याने मीनाला मेसेजमध्ये बोलून सांगितलं. ती वर्गात होती, तिने संध्याकाळी मेसेज ऐकला. नंतर पंकज थांबलाच नाही. पुढच्या जूनमध्ये भावेशने त्याला गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला घातलं. गुरुजींनी आधार कार्ड आणि जन्मतारीख विचारली, आणि चप्पल बाहेर काढायला सांगितली. एवढीच चाचणी.

मीनाचा करार त्याच वर्षी संपला आणि तिने नव्यावर सही केली.

यंदा जुलैत ती महिनाभर आली होती. मी जामसरला भेटायला गेले. पंकज तिच्याशी नीट बोलत होता, पाहुण्यांशी बोलतात तसा. तिने बॅगेतून काढलेली गाडी त्याने घेतली आणि आजीला विचारायला गेला, की घेऊ का. सोनल भावाशी इंग्रजीत बोलायची, तो बोलीत उत्तर द्यायचा, आणि मधे मीना बसून दोघांचं एकमेकांना सांगायची. थोड्या वेळाने दोघंही कंटाळली. सोनल मोबाइल घेऊन आत गेली, पंकज शेतावर.

आम्ही ओट्यावर बसलो. मी ते सातव्या पानाचं बोलायचं ठरवून गेले होते. तोंड उघडलं तर तिने मला थांबवलं.

“मॅडम, ते राहू द्या. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही म्हणणार नाही.”

मग काहीतरी बोलायचं म्हणून शाळेत काय नवीन विचारलं. तिने सांगितलं की पगार वाढलाय, प्राथमिक विभागाचं कामही दिलंय, आणि या वर्षापासून प्रवेशाच्या चाचण्यांना, पंकजची चाचणी घेतलेल्या त्या बाईंच्या शेजारी तिला बसवतात. भारतातून आलेली मुलं असली की विशेषतः.

मी विचारलं, “मग तू त्यांच्या भाषेत विचारतेस?”

“परवानगी नाही,” ती म्हणाली. “मी कागदावर खुणा करते. मे महिन्यात एक मुलगा टेबलाखाली गेला.”

“मग?”

“नियमाप्रमाणे जे लिहायचं ते लिहिलं.”

आतून रुपीने चहा झाला म्हणून हाक मारली. मीना उठून कप आणायला गेली.