सहानुभूतीच्या टाळ्या

मी घरी ब्लाऊज शिवते. सोलापुरात आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला मी एकपात्री करायचं कबूल केलं, तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर माझी सगळी गिऱ्हाइकंच बसलेली असणार, हे लक्षातच आलं नव्हतं. नवी पेठेत मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला गेलेली, दुकानातल्या एकेका साडीला नावं ठेवणारी बाई मला करायची होती. मीच लिहिलेलं, पाठ केलेलं, आणि तेही अगदी शुद्ध भाषेत.

सुरुवात बरी झाली. मग नसलेला पदर हातावर पसरून मी दुकानदाराला दाखवला आणि पुढचं वाक्यच गेलं. हात तसाच पुढे. काही सुचेना म्हणून मी पुन्हा ‘नमस्कार’पासून सुरुवात केली आणि नेमकी त्याच पदराशी येऊन अडकले. तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, मग सगळ्याच वाजवू लागल्या. हसल्या असत्या तर चाललं असतं. त्या टाळ्या ऐकत मी खाली उतरले, आणि सगळ्यांदेखत दारात चपला शोधायला नको म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

पुढे बायका ब्लाऊज न्यायला येत, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नसत. ते जास्त लागायचं. मी आत बसायचे आणि मुलीला ब्लाऊज बाहेर द्यायला लावायचे.

नवरात्रात नणंदेचा मैंदर्गीहून फोन आला. देवळात बायकांचा कार्यक्रम आहे, वहिनी, तुमचं ते साडीवालं करा, म्हणाली. मी मंडळात एकपात्री केलं एवढंच तिच्या कानावर गेलं होतं. नाही म्हणायचं तर झालेलं सांगावं लागलं असतं. ते सांगण्याची लाज जास्त होती, म्हणून गेले.

मैंदर्गी सीमेजवळचं गाव; देवळात बायका सतरंजीवर बसलेल्या, निम्म्या आपसात कानडीत बोलत होत्या. मी सुरू केलं आणि पदराशी आल्यावर पुन्हा डोकं रिकामं झालं. नणंदेकडे बघवेना. पुढ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं, मी मुद्दामच थांबलेय. त्यांनी विचारलं, “मग? घेतली का न्हाय साडी?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “कुटं घ्यायची, आज्जी? पदरच मनाला येईना की.”

ही माझ्या माहेरची, केमची बोली. सोलापुरात गिऱ्हाइकांसमोर मी ती कधी बोलत नाही. बायका हसल्या, आज्जींनी साडीचा रंग विचारला, मी सांगितला, आणि पाठ केलेलं एकही वाक्य न वापरता मी शेवटपर्यंत गेले.

परतीच्या एसटीपर्यंत नणंद भेटेल त्याला सांगत होती, आमच्या वहिनी सोलापुरात स्टेज गाजवतात. मी मान वर केली नाही. शेवटी स्टँडवर तिला खरं काय झालं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, “आदी सांगितलं असतं, तर मी तुमाला बोलावलंच नसतं.”

पुढच्या वर्षी मी स्वतःहून मंडळात नाव दिलं. केमच्याच बोलीत केलं. एकदा अडकले, तर पुढच्या रांगेला विचारलं, “कुटं हुते वं मी?” त्यांनी सांगितलं. आता अधूनमधून बोलावणी येतात. नाव पुकारलं की अजून कानशिलं तापतात. ती निवायची वाट न बघता मी माईक हातात घेते.